धुऱ्यावरचा नवरंग अन् आठ गुंठ्यांचा हिशेब



या पेजवर मी सहसा पेरणी, हळदीचं बेणं, फवारणीचं वेळापत्रक असंच लिहितो. आज पाखराबद्दल लिहितो. पण वावराचा विषय सुटलेला नाही, शेवटपर्यंत वाचलं तं कळंल.

३० मे ची सकाळ. रोहिणी नक्षत्र चालू होतं, उकाडा असा की रात्रभर बाजेवर कूस बदलत काढली. सहाच्या आत बैल सोडायला वावरात गेलो. नाल्याकडून शिटी आली. दोन सुरांची, पहिला वर चढणारा, दुसरा खाली पडणारा. व्हीई-ट्यू. जरा थांबून परत व्हीई-ट्यू. एखादं पोट्टं मित्राला हाक मारते तशी. मी बैलाचा दोर हातात धरून तसाच उभा राहिलो, कारण त्या नाल्याच्या काठावर दोन दिवसांनी, १ जूनला, जेसीबी येणार होता. मीच हो म्हटलं होतं.

शिटी वाजवणारा तो नवरंग.

आपल्यापैकी निम्म्या लोकांनी त्याला ऐकलं असंल पण पाहिलं नसंल. सात इंचाचं पाखरू, वजन साठ ग्रॅमच्या आतबाहेर, शेपूट जवळपास नाहीच. पाठ हिरवी, खांद्यावर चकचकीत निळा ठिपका, पोट पिवळसर बदामी, शेपटीखाली कुंकवासारखं लाल. डोक्यावर मधोमध काळी पट्टी, डोळ्यावरून काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई, गळा पांढरा, पाय गुलाबी. नऊ रंग होतात की नाही हे मोजत बसू नका, मी मोजले, कधी आठ होतात कधी दहा. एवढे रंग असूनही झुडपाखाली बसला की दिसत नाही. पाचोळ्यात उन्हाचे ठिपके पडतात, त्यातला एक होऊन जातो. ओरडायचं असलं तेव्हा मात्र झाडावर चढतो, डोकं मागे टाकतो अन् शिटी घालतो. पहाटे अन् सांजेला जास्त, आभाळ भरून आलं तं दुपारीही. तमिळ लोक त्याला 'आरुमणी कुरुवी' म्हणतात, म्हणजे सहा वाजताचं पाखरू. घड्याळ नसलेल्या माणसानं ठेवलेलं नाव वाटते.

इंग्रजी नाव पिट्टा. हे मला पहिल्यांदा आमच्याकडे आलेल्या एका कृषी सहायकानं सांगितलं तेव्हा शेजारी आदिलाबादकडचे पाहुणे बसले होते, त्यांच्या घरी तेलुगू बोलतात. ते हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, पिट्ट म्हणजे आमच्यात कोणतंही लहान पाखरू. चिमणीही पिट्टच." मी आपला अंदाज बांधला की कोण्या साहेबानं तेलुगू माणसाला विचारलं असंल, हे काय आहे, तो म्हणाला असंल पाखरू आहे, अन् साहेबानं तेच वहीत लिहून घेतलं. पण शब्द तेलुगूच, हे खरं आहे. पैनगंगेच्या पलीकडून किनवट ओलांडलं की जी भाषा सुरू होते, तिच्यातला शब्द जगभरच्या पुस्तकात गेला.

या पिट्टांच्या जगात चाळीसेक जाती आहेत. बहुतेक सगळ्या वर्षभर ओल्या राहणाऱ्या घनदाट जंगलात राहतात, मलेशिया, इंडोनेशियाकडे, दोन आफ्रिकेत, थोड्या ऑस्ट्रेलियाकडे. आपला नवरंग त्यांचा भाऊबंद, पण यानं वेगळा संसार मांडला. हिवाळा काढतो दक्षिण भारतात अन् श्रीलंकेत, अन् मे-जूनमध्ये पावसाच्या पुढंमागं मध्य भारतात, हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, पिल्लं काढायला येतो. आता आपलं जंगल सागाचं, पानगळीचं. एप्रिलमध्ये पाहिलं तं हाडं दिसतात त्याची. पण जून ते सप्टेंबर हेच जंगल असं ओलं, गच्च अन् हिरवं होते की त्या चार महिन्यांत हा पाहुणा इथं ओल्या जंगलासारखा राहून घेतो. हजार-दीड हजार किलोमीटर रात्री उडत येतो. वादळात सापडला तं थकून कुठंही पडतो, घरात, गोठ्यात, शाळेच्या वऱ्हांड्यात.

असा एक तीन वर्षांमागं मे महिन्यात आमच्या गल्लीत सापडला होता. पोट्ट्यांनी माझ्याकडं आणला. एकजण त्याच्या चोचीत चमच्यानं पाणी घालत होता, दुसरा पोळी कुस्करत होता. मी दोन्ही बंद केलं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडली, आत कापड टाकलं, झाकण लावून अंधाऱ्या खोलीत ठेवलं. सांजेला नाल्याकाठी नेऊन खोकं उघडलं. दोन मिनिटं बसला, आमच्याकडं पाहिलं, अन् टुणटुण उड्या मारत झुडपात गेला. उडालासुद्धा नाही. एकानं पिंजरा आणून ठेवला होता, तो नाराज झाला. त्याला सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव कायद्यात रानातलं पाखरू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. कायदा सांगितला की लवकर पटते, माया सांगितली की वेळ लागतो.

मी काही जन्मापासून शहाणा नव्हतो. अकरा-बारा वर्षांचा असताना माझी गुलेर, म्हणजे बेचकी, गावात नावाजलेली होती. सायकलच्या ट्यूबचं रबर, बोरीचं दुबेळकं. एका पावसाळ्यात मी याच नाल्यावर एक नवरंग पाडला. रंग पाहून हरखलो, आजीला दाखवायला घरी नेला. वाटलं शाबासकी मिळंल. आजी चुलीपुढं होती. तिनं पाखरू हातात घेतलं, त्याचे पंख उघडून निळा ठिपका पाहिला, अन् मला एक शब्द बोलली नाही. जेवायलाही वाढलं, रोजच्यासारखं. फक्त माझी गुलेर चुलीत घातली. रबर जळल्याचा वास घरात रात्रभर होता. आजही कोणी धुऱ्यावर टायर जाळला की मला ते पाखरू आठवते.

आता नाल्याचं सांगतो.

आमचं वावर टेकडीच्या पायथ्याला, मधून नाला जातो. डाव्या काठाला झाडझुडपाची पट्टी आहे, आठ गुंठ्यांची. पळस, टेंभुर्णी, दोन जुने साग, बोर, निरगुडी, बांबूचं एक बेट, अन् खाली घाणेरी माजलेली. सातबारावर आमचीच जमीन, पण बाप म्हणायचा की ती नाल्याची आहे, आपण फक्त राखतो. उजव्या काठालाही अशीच पट्टी होती. ती मी २०२१ च्या उन्हाळ्यात साफ केली. सोयाबीनला भाव चढलेला होता, सगळेच धुरे कोरत होते, मलाही वाटलं चार तास वाढतील. वाढलेही. दोन हंगाम मी त्या तासांकडं पाहून खूश झालो.

मग २०२३ चा जुलै. आपल्या महागाव तालुक्यात जे झालं ते बाहेरच्यांनी बातम्यात पाहिलं असंल, आनंदनगर तांड्यावर माणसं अडकली अन् हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली तेच ते दिवस. आमचा नाला एरवी उडी मारून ओलांडता येतो. त्या दिवशी तो वावरातून चालत होता. पाणी उतरल्यावर पाहिलं तं उजव्या काठाचे दोन-अडीच गुंठे गेलेले. पीक नाही, जमीनच गेली. वरचा काळा थर गेला, मुरमाची भिंत उघडी पडली, अन् पुढं अर्ध्या एकरावर गोटे अन् रेती पसरली. डाव्या काठाला पाणी छातीएवढं चढलं होतं, पळसाच्या फांद्यांना कचरा अडकला होता त्यावरून कळत होतं. पण काठ जागेवर. उलट पट्टीत बोटभर गाळ बसला होता. एकाच नाल्याचे दोन काठ, एकच पूर. कोण्या कृषी मेळाव्यात मला हे एवढं स्पष्ट कोणी सांगितलं नसतं, अन् सांगितलं असतं तरी मी घरी येऊन विसरलो असतो.

तेव्हापासून मी डाव्या पट्टीत जाऊन बसायला लागलो. म्हटलं तं काही काम नसते तिथं. बसल्या बसल्या नवरंग दिसायला लागला. जमिनीवर टुणटुण चालतो, चोचीनं पान उलटतो, कोंबडी उकरते तसं पण हळू. पान उलटलं, थांबला, मान तिरपी केली, अन् गांडूळ ओढून काढलं. कधी भुंगेरा, कधी वाळवी, मुंग्या, अळ्या. त्याचं सगळं ताट पाचोळ्याखाली वाढलेलं असते. पाचोळा नाही तं नवरंग नाही, इतकं सरळ आहे.

ते पाहून मी एक काम केलं, कोणीही करून पाहावं. ऑगस्टमध्ये, चांगली ओल असताना, पट्टीत एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा खोदला. तसाच शेजारच्या सोयाबीनमध्ये, वीस पावलांवर. माती पोत्यावर पसरून गांडुळं मोजली. पट्टीत चौदा, सोयाबीनमध्ये दोन. पट्टीची माती मुठीत दाबली तं लाडू होऊन परत फुटत होती. वावरातली चिखल झाली. एका खड्ड्यावरून शास्त्र होत नाही हे मला कळते, पण त्यानंतर मी कुटार अन् पऱ्हाटी जाळणं सोडलं. मे महिन्यात धुरा पेटवायची आपली जी रीत आहे ना, बांध स्वच्छ दिसावा म्हणून, ती तेव्हापासून आमच्याकडं बंद आहे. शेजारी म्हणतात धुरा भिकाऱ्यासारखा दिसते. दिसू द्या.

इथं एक स्पष्ट करतो, नाही तं कमेंटमध्ये वाद होते. नवरंग आला म्हणून हुमणी गेली, फवारणी वाचली, असं मी म्हणत नाही. एक जोडी पाखरं सहा एकरांची कीड खात नसतात. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर सांजेला कडुनिंब अन् बाभळीवर जमतात, ते आम्ही आजही फांद्या हलवून खाली पाडतो अन् रॉकेलच्या पाण्यात बुडवतो. ते काम आपलंच आहे. पाखराला कामाला लावल्यावरच त्याची किंमत करायची, हे मला पटतही नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. ही सांगायला जड जाते, पण सांगायची ठरवली आहे.

जुलैत पट्टीच्या कडेला तणनाशक मारायला माणूस लावला होता. पंप पाठीवर, तो पुढं, मी मागं. बांबूच्या बेटाखाली मला कचऱ्याचा ढीग दिसला, फुटबॉलएवढा. काड्या, मुळ्या, वाळकी पानं. पुराचा कचरा वाटला, पायानं सारणार होतो. तेवढ्यात त्याच्या बाजूला गोल भोक दिसलं. अन् भोकातून नवरंग निघाला, माझ्या पायाजवळून, अन् घाणेरीत शिरला. खोपा होता. वाकून आत पाहिलं, पाच अंडी. पांढरी, चिनीमातीच्या कपासारखी चकाकणारी, वर जांभळट ठिपके. माणसाला पंप बंद करायला लावला. २०१७ ला आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कितीतरी माणसं गेली, ते आपण कोणी विसरलो नाही. माणसाचं जे होते, ते साठ ग्रॅमच्या जिवाचं होणार नाही का. तो दिवस फवारणी बंद, त्या कडेला पुन्हा केलीच नाही, तण विळ्यानं कापलं.

इथपर्यंत मी शहाणा. पुढं शहाणपण सरलं.

मी रोज जायला लागलो. आधी एकदा, मग सकाळ-सांज. मोबाईलमध्ये फोटो काढले. दोन मित्रांना नेऊन दाखवलं. एकदा फोटो नीट यावा म्हणून समोरची निरगुडीची फांदी मोडली. आठ दिवसांत तिथं पायवाट पडली, गवत दबलं, अगदी खोप्याच्या तोंडापर्यंत. नवव्या दिवशी गेलो तं खोपा वरून फाटलेला. आत काही नाही. पायवाटेच्या ओल्या मातीत मुंगसाचे पंजे होते. माझ्या चपलेच्या ठशावर त्याचे पंजे.

ज्या वाटेनं मुंगूस गेलं ती वाट मी पाडली होती. फांदी मी मोडली होती. तणनाशकापासून वाचवलं अन् कौतुकानं मारलं. ते फोटो मी या पेजवर टाकणार होतो, मथळाही ठरवला होता. सगळे डिलीट केले. त्यानंतर पंधरा-वीस दिवस शिटी ऐकू आली, मग बंद झाली. परत खोपा बांधला की नाही हे मी शोधायला गेलो नाही.

म्हणून सांगतो, यंदा कोणी मला जागा विचारू नये. फुलसावंगीला आलात तं चहा पाजीन, पट्टी दाखवणार नाही. अन् काही हौशी लोक मोबाईलवर त्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढतात, ते करू नका. त्याला वाटते दुसरा नर हद्दीत आला, तो खोपा सोडून भांडायला धावतो.

आता जेसीबीचं. तुम्ही विचाराल, एवढं सगळं झाल्यावर हा माणूस पट्टी काढायला हो कसा म्हणाला?

डुकरांमुळं. पट्टीत रानडुकरं दिवसा बसतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी हळदीचे सरी-वरंबे उकरून टाकले, दोन रात्रीत जवळपास अर्धा एकर. थोरला पोरगा आता शेती पाहतो, रात्रीची जागल तोच करतो. थंडीत माळ्यावर बसून टॉर्च मारायची पाळी त्याची आहे, माझी नाही. तो म्हणाला, "बाबा, तुमचं पाखरू चार महिने येते, डुकरं बारा महिने राहतात." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पुरतं नाही. म्हणून हो म्हटलं.

३० मे ला शिटी ऐकून घरी आलो अन् पोराजवळ बसलो. पाखराचं नाव काढलं नाही. वही काढली.

आठ गुंठे म्हणजे एकराचा पाचवा हिस्सा. सोयाबीन एकरी सात क्विंटल धरलं तं दीड क्विंटलच्या आत. साडेचार हजार भाव धरला तं सहा हजार तीनशे. खर्च वजा जाता हाती अडीच हजार राहतील, तेही पाऊस नीट पडला तं. जेसीबी सात तास, बाराशे रुपये तास, आठ हजार चारशे. म्हणजे जेसीबीचेच पैसे निघायला साडेतीन वर्षं. अन् साडेतीन वर्षांत एक जरी २०२३ सारखा पूर आला तं या काठाचेही अडीच गुंठे जातील. ते परत आणायचे तं गाळाच्या ट्रॉल्या किती लागतात हे उजव्या काठाला आपण दोघांनी मिळून भोगलं आहे.

पोरगा बराच वेळ वहीकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "अन् डुकरं?"

म्हटलं, ते आठ हजार चारशे झटका मशीनला घाल, कमी पडले तं मी तुरीच्या पैशातून देतो. पट्टी अन् वावराच्या मधून तार ओढू. डुकरं पट्टीत राहोत, हळदीत नको.

त्याला पूर्ण पटलं असं नाही. "एक वर्ष पाहू," म्हणाला. बाप-लेकाच्या व्यवहारात एवढं पुष्कळ.

जेसीबीवाल्याला इसार दिला होता, त्याला नाही कसं म्हणावं? तो १ तारखेला आला. त्याच्याकडून दोन तास उजव्या काठाला काम करून घेतलं, गोटे गोळा करून काठाला रचले. तिथं मृगात निरगुडी अन् बांबू लावतो आहे. दोन्ही लवकर धरतात, गुरं निरगुडीला तोंड लावत नाहीत. डाव्या पट्टीतली घाणेरी हातानं थोडी उपटायची होती, ती आता दिवाळीनंतर, पाहुणा गेल्यावर. पाचोळा तसाच ठेवायचा.

झटका मशीन आली आहे, तार ओढणं चालू आहे. जमिनीपासून पहिली तार सहा इंचावर लावतात की नऊ, डुकरासाठी कोणाचा अनुभव असंल तं खाली लिहा. दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरं.

पावसाचं म्हणाल तं मृग लागल्यापासून दोनदा आला, माझ्या घरच्या पर्जन्यमापकात एकूण बेचाळीस मिलिमीटर. कृषी खात्याचा सल्ला पंच्याहत्तर ते शंभर झाल्याशिवाय पेरू नका असा आहे, अन् आम्ही थांबलो आहोत. आजूबाजूला तीन-चार जणांनी कापूस टोबला. काल सांजेला आभाळ भरून आलं, वारा पडला, अन् नाल्यावर दोन शिट्या ऐकू आल्या. एक बांबूकडून, एक उजव्या काठाच्या वरच्या अंगाला, शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून. पोरगा तार ताणत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, काही बोलला नाही, अन् परत खुंटी ठोकायला लागला.